‘काही त्रास नाही ना?’

ती घटना आठवली की आजही मला आधी माझीच लाज वाटते. पोलिसांच्या आठवणी म्हटल्या की वाचकांना पाठलाग, धाड, पिस्तूल असं काहीतरी हवं असतं. यात तसलं फारसं काही नाही. कुलूप नसलेलं एक दार आहे, हाताशी फोन असलेली एक मुलगी आहे आणि तिच्यासमोर बसून चुकीचा प्रश्न विचारणारी एक पोलीस अधिकारी आहे. ती अधिकारी मी. नावं मी कुणाचीच देणार नाही. ज्यांना ओळखू येईल त्यांनी गप्प राहावं, एवढी विनंती.

तेव्हा मी मुलुंड-नाहूरच्या पट्ट्यातल्या एका ठाण्यात सहायक पोलीस निरीक्षक होते. निवृत्तीला थोडीच वर्षं उरली होती. दुपारी दोन ते चार ही ठाण्यातली त्यातल्या त्यात बरी वेळ. सकाळचे मोबाईल हरवलेले, पासपोर्टवाले येऊन गेलेले असतात आणि संध्याकाळची भांडणं अजून घरातच शिजत असतात. अशा एका दुपारी एक काकू आल्या. साठी ओलांडलेल्या, हातात भाजीची पिशवी, मूळच्या मालवणकडच्या. नाहूर स्टेशनजवळच्या एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहत होत्या.

“माझी तक्रार नाही हां,” खुर्चीत बसता बसताच त्यांनी बजावलं. “नुसतं कानावर घालायला आलेय.”

तक्रार नाही म्हणणारा माणूस ठाण्याचा सगळ्यांत जास्त वेळ खातो, हा माझा अनुभव. पण हातात काम नव्हतं. मी म्हटलं, बोला.

“आमच्या मजल्यावर नवीन जोडपं आलंय भाड्याने. महिना होऊन गेला. पोरगी कुणाशी बोलत नाही. खालच्या दुकानात जाते, दूध घेते, वर येते. म्हटलं, नवी आहे, लाजत असेल. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी स्वतः जाऊन बोलावलं. नवरा गोड बोलतो हो, म्हणाला, पाठवतो की. आली ती. आणि तो मेला जिन्यात उभा! बायकांच्या हळदीकुंकवाला जिन्यात राखण करणारा नवरा मी जन्मात पहिल्यांदा बघितला.”

“नव्या लग्नात असतं असं,” मी म्हटलं.

“असूं दे. पुढचं ऐका. नवी नवरी म्हटल्यावर सगळ्या मागे लागल्या, उखाणा घे. नको नको म्हणत शेवटी घेतला.” काकूंनी तो जसाच्या तसा म्हणून दाखवला. “हलव्याच्या दागिन्यांना काळ्या साडीचा साज, तुम्ही सगळ्यांनी आग्रह केला म्हणून बोलते आज.”

“चांगला आहे की.”

“मॅडम, नाव कुठाय त्यात?”

मी हसले. उखाणा घ्यायचा तोच मुळी नवऱ्याचं नाव घेण्यासाठी, हे खरं. पण नाव राहिलं म्हणून पोलीस ठाणं गाठणारी बाई मी पहिल्यांदाच पाहत होते. म्हटलं, “लाजली असेल हो काकू.”

“लाजली?” काकूंनी पिशवी खाली ठेवली. “पंचेचाळीस वर्षं उखाणे ऐकतेय मी. लाजणारी पोरगी नाव हळू घेते, घाईत घेते, तोंडावर पदर धरून घेते. गाळत नाही. सगळ्या ओरडल्या, अगं नाव घे, नाव घे. तर म्हणाली, मला एवढाच येतो. आणि हातातलं वाण खाली पडलं.”

मी वहीत दोन ओळी टिपून घेतल्या, काकूंना चहा पाजला आणि उद्या बघून येते असं सांगितलं. खरं सांगायचं तर काकूंचं समाधान व्हावं म्हणूनच जाणार होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास मी एका महिला शिपायाला घेऊन गेले. दार त्याने उघडलं. तीस-बत्तीसचा, इस्त्रीचा शर्ट, आवाज मऊ. “या ना मॅडम, चहा टाकायला सांगू?” तपासणी प्रयोगशाळांना यंत्रं विकायचं काम करतो म्हणाला. न मागता देवळातल्या लग्नाचा फोटो दाखवला, नोटरीचा कागद दाखवला. मी त्याला जिन्यात उभं केलं आणि दार लावून घेतलं. एवढं एक मी बरोबर केलं.

मुलगी तेवीस वर्षांची. माझ्यासमोर सतरंजीवर बसली. आधी माझ्या खांद्यावरच्या ताऱ्यांकडे बघितलं, मग नावाच्या पट्टीकडे, मग बराच वेळ माझ्या बुटांकडे. मला वाटलं, घाबरलीय, वर बघवत नाहीये. टीपॉयवर तिचा फोन पडला होता. दाराला आतून साधी कडी होती, कुणीही काढावी अशी. हे सगळं मी नीट पाहिलं आणि मनातल्या मनात निकाल देऊनच विचारायला सुरुवात केली.

“काही त्रास नाही ना गं?”

“नाही.”

“स्वखुशीने राहतेस ना?”

“हो.”

“माहेरी माहीत आहे ना?”

“हो. आईला रोज फोन करते.”

मी जबाब लिहिला. तिने वाचला, खाली सही केली. उठताना तिने एकच विचारलं, “मॅडम, तुम्ही कुठल्या पोलीस ठाण्याच्या?” मी सांगितलं. बोलायला काहीतरी हवं म्हणून विचारत असेल, असं मला वाटलं. जाता जाता काकूंच्या दारात थांबून मी त्यांना चार शब्दही सुनावले, की उगाच कुणाच्या संसारात नाक खुपसू नये. काकू म्हणाल्या, “बरं बाई. तू शिकलेली,” आणि दार लावून घेतलं.

प्रकरण तिथेच संपायचं. संपलं नाही याचं श्रेय माझ्या हुशारीला नाही, ठाण्याच्या रिवाजाला आहे. जबाब घेतलेल्या माणसाचं नाव हरवलेल्यांच्या यादीत आहे का, हे बघायची आमच्याकडे पद्धत होती. बहुतेक जण ती पाळत नाहीत, पण माझ्याबरोबरची महिला शिपाई नवी होती आणि नव्या माणसाला सगळे नियम पाठ असतात. तासाभरात ती धावत आली. “मॅडम, ही तर मिसिंग आहे. चेंबूरच्या बाजूला नोंद आहे.”

कागद काढला. मुलगी अंधेरीच्या एका प्रयोगशाळेत रक्त तपासायचं काम करायची. एका संध्याकाळी घरी आली नाही. दुसऱ्या दिवशी आईच्या फोनवर तिचा संदेश आला, की मी माझ्या मर्जीने गेलेय, शोधू नका. मुलगी सज्ञान, संदेश तिच्याच फोनवरून, पुढे रोज आईशी बोलतेही. तपास करणाऱ्याने ‘स्वखुशीने गेली’ असं लिहून कागद बाजूला ठेवला होता. त्याला दोष द्यायला माझी जीभ उचलत नाही, कारण माझ्या टेबलाच्या खणात तसलाच दुसरा कागद होता.

नियम असा, की हरवलेली व्यक्ती सापडली की नातेवाइकांना बोलावून तसं कळवायचं. सज्ञान मुलीचा पत्ता तिच्या संमतीशिवाय द्यायचा नाही, पण ती सुखरूप आहे एवढं सांगायचं. दुसऱ्या दिवशी तिघं आले. वडील वायरमनचं काम करणारे, आई पोळी-भाजी केंद्र चालवणारी आणि दहावीतली धाकटी बहीण. कोकणातलं घर, साधी माणसं. मुलगी न सांगता पळून गेली, याचा राग वडिलांच्या मानेच्या शिरांत दिसत होता.

मी आईला दोन शब्द धीराचे सांगितले आणि विषय हलका करावा म्हणून धाकटीकडे वळले. तिचे केस मानेपाशी वेडेवाकडे तुटलेले होते, एका बाजूला कमी, एका बाजूला जास्त. म्हटलं, “काय गं, एवढे छान केस कशाला कापलेस?”

आई म्हणाली, “कापले नाय मॅडम. कापून नेले.”

हा शब्द मी आजवर विसरलेले नाही. नेले. मी पेन खाली ठेवलं. “नेले म्हणजे?”

धाकटी सांगू लागली. “क्लासवरून येत होते. मार्केटच्या गर्दीत मागून जोरात हिसका बसला. हात लावून बघते तर वेणीच नाही. मी खाली बघितलं, मागे जाऊन बघितलं. कुठेच नव्हती. रिबन पण नाही.”

“कधी?”

“ताई गेली त्याच्या सहाव्या दिवशी.”

त्यांनी तक्रार केली होती. अदखलपात्र म्हणून नोंदवहीत एक ओळ पडली होती. टवाळ पोरं असतील, असं हवालदार म्हणाला. आता जरा विचार करा. टवाळ पोरगा केस कापतो, टाकतो आणि पळतो. गर्दीत वेणी बरोबर घेऊन जाणाऱ्याला ती कुणाला तरी दाखवायची असते.

मी आईला विचारलं, मुलगी फोनवर काय बोलते?

“दोनच मिन्टं बोलते. मी ठीक आहे म्हणते. आणि रोज तेच विचारते, धाकटी क्लासवरून आली का? किती वाजता आली? सोबत कोण होतं?” बोलता बोलता आईला रडू फुटलं. “एवढी माया आहे बहिणीची, तर मग गेली कशाला सोडून?”

ही मुलगी आईला खुशाली कळवत नव्हती. ती रोज बहिणीची हजेरी घेत होती. आणि अशा मुलीला मी विचारून आले होते, काही त्रास नाही ना?

वरिष्ठ साहेबांकडे गेले. ते कडक, पण सरळ माणूस. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं.

“जबाब कुणी घेतला?”

“मीच, सर.”

“खाली सही कुणाची?”

“तिची.”

“मग मॅडम, खरं काय मानायचं? तुमचा जबाब की तुमचा संशय?”

“संशय, सर. जबाबातली उत्तरं माझीच आहेत. मी ‘नाही ना’ विचारलं, तिने ‘नाही’ म्हटलं. मी ‘हो ना’ विचारलं, तिने ‘हो’ म्हटलं.”

साहेबांनी जबाबाचा कागद बाजूला सारला. मग म्हणाले, “तीन माणसं देतो. आधी ती धाकटी सुरक्षित झाली पाहिजे. तोवर त्या फ्लॅटच्या आसपास फिरकायचं नाही. तुम्ही तर नाहीच नाही.”

चेंबूरच्या ठाण्याला विश्वासात घेतलं. धाकटीने रोजच्यासारखं क्लासला जायचं आणि आमची माणसं साध्या वेशात मागेपुढे राहणार, असं ठरलं. वडील ताडकन म्हणाले, “एक पोरगी गेली. दुसरीला गळाला लावणार काय?” धाकटीच म्हणाली, “बाबा, मी तशी पण रोज जातेच ना. आता निदान पोलीस तरी असतील.”

दुसऱ्या संध्याकाळी साडेपाचच्या आत क्लाससमोर एक मोटरसायकल उभी राहिली. पंचविशीतला तरुण, पाठीला कुरियरची बॅग. धाकटी बाहेर पडताच त्याने फोन वर धरला. आमच्या हवालदाराने त्याच्या खांद्यावर हात टाकला आणि जुना दोस्त भेटल्यासारखं त्याला बाजूच्या गल्लीत नेलं. दहा मिनिटांत तो चेंबूरच्या ठाण्यात माझ्यासमोर होता. धाकटीलाही आमच्या महिला शिपायाने पाठोपाठ तिथेच आणलं.

चौकशीत आरडाओरडा करणाऱ्यांपैकी मी कधीच नव्हते. ओरडलं की माणूस आपल्याशी भांडायला लागतो, आणि भांडणारा माणूस खरं बोलत नाही. मी त्याला पाणी दिलं आणि त्याचा फोन मध्ये ठेवला.

“मॅडम, आपल्याला काय माहीत नाय. दोस्तीत केलं. तो बोलला, रोज एक फोटो काढून पाठव, बस.”

“आजचा पाठवलास?”

“नाय. तेवढ्यात तुमच्या लोकांनी धरलं.”

“किती वाजेपर्यंत पाठवायचा असतो?”

त्याचे डोळे माझ्या डोक्यावरच्या घड्याळाकडे गेले. पाच अडतीस. खोटं बोलणाऱ्याच्या तोंडापेक्षा त्याचे डोळे जास्त कामाचे असतात.

“नाही पाठवला तर काय होईल?”

“पावणेसहापर्यंत नाय आला तर तो समजतो, लफडा झाला. मग तो तिला विचारणार.”

“काय विचारणार?”

“कुणाला बोललीस म्हणून.” त्याने मान खाली घातली. “मग काय करेल, आपल्याला नाय माहीत, मॅडम. आईशप्पत.”

सात मिनिटं होती. फोटो पाठवायचा की नाही, यावर विचार करायलाही वेळ नव्हता. त्याने काढलेला धाकटीचा फोटो फोनमध्ये होताच. पाच चव्वेचाळीसला तो त्याच्याच हातून पाठवला. एका मिनिटाने अंगठ्याचं चित्र आलं. खोलीतल्या चौघांनी एकदमच श्वास सोडला, त्यात तोही होता.

त्यानंतर तो भडाभडा बोलला. त्या इसमाने प्रयोगशाळेत येता जाता मुलीला मागणी घातली होती, तिने नकार दिला होता. मग एके संध्याकाळी बहिणीला अपघात झालाय असं सांगून त्याने तिला गाडीत बसवलं. फ्लॅटवर नेऊन बहिणीचे फोटो दाखवले. घरातून निघताना, रस्त्यात, क्लासच्या पायऱ्यांवर.

“आणि वेणी?”

“नुसते केस तर होते, मॅडम. मारलं तर नाय ना पोरीला.”

माझ्याशेजारी बसलेली महिला शिपाई उठून बाहेर निघून गेली. नंतर म्हणाली, थांबले असते तर हात उठला असता. पण त्याचं बोलणं संपलं नव्हतं. वेणी का कापली, हे त्याने पुढे सांगितलं, आणि ते ऐकून मात्र मला स्वतःच्याच कानाखाली मारावंसं वाटलं.

पाचव्या दिवशी त्या इसमाने अंधेरीहून पोलिसाची वर्दी आणली होती. शूटिंगला लागणारे कपडे भाड्याने देणारी दुकानं तिथे आहेत. सिनेमा-मालिकांच्या गर्दीत कामं करणारी एक बाई गाठली, नवरा-बायकोची गंमत आहे असं सांगून तिला वर्दी चढवली आणि तो घरात नसताना दारावर पाठवलं. तिने पढवल्याप्रमाणे विचारलं, “घाबरू नकोस पोरी, मी पोलीस आहे, काय ते मोकळेपणाने सांग.” मुलगी तिच्या गळ्यात पडली. सगळं सांगितलं. संध्याकाळी त्याने तिचा शब्द न् शब्द तिला परत ऐकवला. आणि दुसऱ्या दिवशी बहिणीची वेणी तिच्या पुढ्यात आणून टाकली, रिबनसकट.

त्यानंतर महिन्याभराने खाकी घालून मी गेले होते.

त्या दिवशी आम्ही चेंबूरहून थेट नाहूरला निघालो. आई-वडील आणि धाकटी दुसऱ्या गाडीत. साडेसहाच्या आसपास तो नवरा म्हणवणारा इसम कामावरून आला. सोसायटीच्या फाटकात स्कूटर स्टँडवर लावत असतानाच आमच्या माणसांनी त्याला धरलं. त्याने हेल्मेट तेवढं कुठे ठेवू, असं विचारलं.

मला वाटलं, जिंकलो. आणि इथे मी दुसरी चूक केली. आता वर्दीवर तिचा विश्वास बसणार नाही, हे मला कळलं होतं. म्हणून मी धाकटीला बरोबर घेतलं. बहीणच समोर दिसली की प्रश्न मिटेल, असं माझं गणित.

थोरलीने दार उघडलं. दारात मी आणि माझ्या हाताला धरून तिची बहीण. तिने धाकटीला खसकन आत ओढलं, स्वतःच्या मागे केलं आणि माझ्यापुढे हात जोडले.

“मी काहीच बोलले नाही! देवाशप्पत कुणाला काही बोलले नाही. हिला कशाला आणलंत? हिला सोडा, मॅडम, मी इथेच राहते.”

मी जिला पुरावा म्हणून आणलं होतं, तिला बघून या मुलीला वाटलं होतं, की शेवटी हिलाही उचलली.

“ताई, अगं हे खरे पोलीस आहेत,” धाकटी मागून सांगत होती. “त्याला पकडलं गं. आई खाली आहे.” ताईचे हात जोडलेलेच. शेवटी मी जिन्यात मागे सरले आणि आईला वर पाठवलं. आईने काही समजावलं नाही, काही विचारलं नाही. आत गेली, जमिनीवर बसली आणि मुलीला ओढून मांडीवर घेतलं. तरीही अर्धा तास ती मुलगी दाराकडे बघत होती. मग तिने तोंड उघडलं ते हे विचारायला, की त्याला खिडकीतून दाखवाल का. आम्ही त्याला गाडीतून उतरवून खाली मोकळ्या जागेत उभं केलं. तिने पाहिलं. बेड्या नीट दिसत नव्हत्या, तर हात वर करायला लावा म्हणाली. लावले.

तेव्हा कुठे ती रडली.

जबाब मी दुसऱ्या दिवशी घेतला, तिच्या घरी, साडी नेसून. यावेळी एकाही वाक्याच्या शेवटी मी ‘ना’ लावला नाही. काय झालं ते सांग, एवढंच म्हटलं आणि गप्प बसले. चार तास लागले. त्यातलं बरंचसं इथे लिहिण्यासारखं नाही. दोन गोष्टी मात्र लिहिते.

एक माझ्याबद्दलची. मी विचारलं, त्या दिवशी माझ्या बुटांकडे का बघत होतीस? ती म्हणाली, “आधीची आली होती तिच्या पायात चपला होत्या. नंतर मला आठवलं, पोलीस चपला घालत नाहीत. तुमच्या पायात बूट होते. पण मला वाटलं, या वेळी शिकून आलेत. तुम्ही गेल्यावर तो आत आला आणि हसून म्हणाला, ही पण माझीच होती. पास झालीस.”

माझ्या कर्तव्याचा त्याने असा उपयोग करून घेतला होता. दाराला बाहेरून कुलूप नव्हतं कारण त्याची गरज नव्हती. कुलपाचं काम मीही करून आले होते.

दुसरी गोष्ट तिच्या न ओरडण्याबद्दलची. तिच्या फोनवर तो नजर ठेवून होता, पण खालच्या दुकानात ती एकटी जायची. दुकानदाराचा फोन होता, माणसं होती. मी विचारलं, तिथे काय मनात यायचं?

“ओरडायला किती वेळ लागतो, मॅडम? एक सेकंद. पण क्लासपासून घर अकरा मिनिटांवर आहे. मला सोडवायला कोण येईल, याचा मी विचारच करत नव्हते. हिच्यापाशी आधी कोण पोचेल, तेवढंच मोजत होते.”

खटला दोन वर्षांनी उभा राहिला. बचाव पक्षाच्या वकिलाने अपेक्षेप्रमाणे माझा पहिला जबाब बाहेर काढला. दार उघडं, फोन हातात, दुकानात एकटी जाते, हळदीकुंकवाला जाते आणि प्रत्यक्ष महिला पोलीस अधिकाऱ्याला सांगते की काही त्रास नाही. याला अपहरण म्हणायचं? त्यांनी मला विचारलं, “तुम्ही तिला एकांतात विचारलं. तिने त्रास नाही असं सांगितलं. हे बरोबर?”

“उत्तर बरोबर नोंदवलंय,” मी म्हणाले. “प्रश्न चुकीचा होता. मी तिला विचारलं नाही. मला जे ऐकायचं होतं, त्याला फक्त तिची मान्यता घेतली.”

भर कोर्टात स्वतःची चूक कबूल करताना जीभ जड होते, हे मी आरोपींच्या बाबतीत पुष्कळदा पाहिलं होतं. त्या दिवशी स्वतः अनुभवलं. मागच्या बाकावर माझे दोन कनिष्ठ सहकारी बसले होते. त्यांच्यासमोर बोलले, ते बरंच झालं. वर्दी घालून दारावर गेलेल्या त्या बाईनेही साक्ष दिली. गंमत आहे समजून पाचशे रुपयांसाठी आपण काय करून बसलो, हे सांगताना तिचे हुंदके थांबेनात. तो इसम आणि त्याचा मोटरसायकलवाला दोस्त, दोघांनाही शिक्षा झाली. ती वरच्या कोर्टातही टिकली.

निवृत्तीनंतर मला कधीमधी नव्या भरतीच्या मुलामुलींसमोर बोलायला बोलावतात. मी त्यांना कलमं शिकवत नाही, ती पुस्तकात आहेत. मी सांगते, की ओलीस ठेवलेलं माणूस गप्प असतं तेव्हा ते राजी आहे असं धरू नका, आणि भित्रं आहे असंही धरू नका. कुणाच्या तरी जिवाची राखण करत ते उभं असू शकतं. त्याला ‘ओरडलीस का नाही’ असं विचारण्याचा अधिकार आपल्याला नाही, कारण तेवढं धैर्य आपण कधी वापरलेलं नाही. पण हे शहाणपण माझं स्वतःचं नाही. ते निकालाच्या दिवशी, कोर्टाच्या व्हरांड्यात माझ्या पदरात पडलं.

निकाल लागला होता. मुलगी बाकावर बसली होती. तिचे वडील माझ्याजवळ आले. दोन वर्षं या माणसाने लेकीला जपलं, प्रत्येक तारखेला रजा टाकून आला, पण तिच्याशी सरळ बोलताना मी त्याला पाहिलं नव्हतं. नातेवाइकांनी कान भरले असतील, नसतीलही. तो खालच्या आवाजात म्हणाला, “मॅडम, एक विचारतो, राग मानू नका. एवढी माणसं आजूबाजूला होती. एकदा तरी ओरडता आलं नसतं तिला?”

“मला का विचारता? तिलाच विचारा,” मी म्हणाले. “फक्त उलट्या बाजूने विचारा. ओरडली असतीस तर काय झालं असतं, असं.”

तो तिच्यापाशी गेला. उभ्यानेच, चाचरत त्याने तसंच विचारलं. तिने वर पाहिलं नाही.

“मग त्या दिवशी धाकटीला घरी कोण घेऊन आलं असतं, बाबा?”

तेवढ्यात धाकटी कँटीनमधून चहाचे तीन ग्लास सांभाळत येताना दिसली. केस पुन्हा खांद्याच्या खाली आले होते. बापाने तिच्याकडे पाहिलं, मग थोरलीकडे पाहिलं, आणि तो तिच्या शेजारी बसून लहान मुलासारखा रडू लागला. थोरलीने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि धाकटीला म्हणाली, “आधी बाबांना दे गं.”